कडी-कोयंडा

(दृश्य : ठाणे शहर. चरईतली जुनी तीन मजली इमारत. दुसऱ्या मजल्यावरचा दरवाजा. चौकटीच्या लाकडात चार भोकं.)

घरफोडीच्या बातमीत एक वाक्य ठरलेलं असतं. ‘अज्ञात चोरट्याने दरवाजाचा कडी-कोयंडा उचकटून आत प्रवेश केला.’ लहानपणापासून वाचत आलोय आपण ते. पण नीट बघा, कुलूप तोडलं असं त्यात क्वचितच म्हटलेलं असतं.

या दरवाजाचं कुलूप आजही धडधाकट आहे. सात लिव्हरचं, पितळी, अंगावर ओरखडा नाही. घरातल्या काकांनी ते शोकेसमध्ये ठेवलंय, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला. कोयंडा मात्र बसवला होता अर्ध्या इंचाच्या चार स्क्रूंवर, आणि चौकटीच्या लाकडाने चाळीसेक पावसाळे पचवलेले. कटावणीचं टोक कोयंड्यामागे सरकवायचं, एक हिसका द्यायचा. काका दार उघडं बघून धावत आले तेव्हा कुलूप जमिनीवर पडलं होतं. बंद. कोयंड्यासकट.

जांभळी नाक्याच्या बाजारातला एक हार्डवेअरवाला म्हणाला, “कुलूप घेताना लोक पाच कंपन्या बघतात. कोयंडा घेताना विचारतात, स्वस्तातला कुठला?” मग त्याने गल्ल्यावरच प्रात्यक्षिक दिलं. कोयंडा स्क्रूवर बसवायचा नाही, आरपार जाणाऱ्या बोल्टवर बसवायचा. आतल्या बाजूने लोखंडी पट्टी आणि नट. बोल्टचं डोकं बाहेरून गोल आणि गुळगुळीत, म्हणजे पान्याला पकड मिळत नाही. त्याहून बरं म्हणजे दरवाजाच्या जाडीत बसणारं कुलूप. बाहेर लटकणारं कुलूप जिन्यातूनच सांगून टाकतं की घरात कोणी नाही.

त्यानंतर आम्ही ठाण्यात फिरलो ते असे कोयंडे शोधत. सगळे काही दरवाजावर सापडले नाहीत.

(दृश्य : दुपारचा जिना. बंद दारं. एका दारापाशी वर्तमानपत्रांची चळत.)

मे महिना आणि गणपती. ठाण्यातल्या निम्म्या दारांपुढे तेव्हा चपला नसतात, चाकरमानी गावाला गेलेले असतात. रिकामं घर ओळखायला फार हुशारी लागत नाही. तीन दिवसांचे पेपर. सुकलेली तुळस. आणि हा दिवा. चोर यायला नको म्हणून आठवडाभर चालू ठेवलेला दिवा भर दुपारी बारालाही पेटलेला दिसतो, आणि ज्याला कळायचं त्याला कळतं. त्यापेक्षा समोरच्या काकूंना सांगावं. त्या संध्याकाळी लावतील, सकाळी विझवतील, तुळशीला तांब्याभर पाणीही घालतील. चावीही त्यांच्याकडेच द्यावी. चपलांच्या कपाटात, पायपुसण्याखाली किंवा कुंडीत चावी ठेवायची आपली पद्धत फार जुनी आहे. चोरही अशाच घरात वाढलेला असतो, त्याच्या आईनेही चावी तिथेच ठेवलेली असते.

कशेडी घाटातला सहकुटुंब फोटो परत आल्यावर टाकला तरी तितकाच छान दिसतो. दागिने लॉकरमध्ये ठेवलेच असतील, तर त्यांचे फोटो आणि पावत्याही जपून ठेवा. चोर सापडला की मुद्देमाल ओळखायला बोलावतात, आणि ‘साधी दोन पदरी चेन होती’ एवढ्यावर कुठली चेन आपली ते सांगता येत नाही.

(दृश्य : पहाट. मासुंदा तलाव. फिरायला आलेली माणसं.)

सकाळचे सव्वासहा. कागदोपत्री मासुंदा, ठाणेकरांची तलावपाळी. कौपिनेश्वराला नमस्कार करून येणाऱ्या आजी, फेऱ्या मोजणारे आजोबा. अशाच एखाद्या सकाळी, अशाच एखाद्या रस्त्यावर, मोटारसायकलवरून दोघं येतात. केस बारीक कापलेले, पँट खाकीच्या जवळ जाणारी. कसलंसं कार्ड डोळ्यांपुढून जातं. “आजी, पुढे रात्री खून झालाय. साहेबांची तपासणी चाललीय. एवढं सोनं घालून कुठे निघालात? काढा, रुमालात बांधून ठेवा.”

आजी लगेच काढत नाहीत. इथे गंमत आहे. तेवढ्यात शेजारून एक सभ्य गृहस्थ जातात. त्यांनाही हटकलं जातं. ते मुकाट्याने गळ्यातली चेन काढतात, कागदात बांधतात, “थँक यू साहेब” म्हणून निघून जातात. हा तिसरा माणूस त्यांच्यातलाच. सगळी चोरी त्याच्यावर उभी असते. तो दमदाटी करत नाही, फक्त ऐकतो, आणि त्याचं बघून आजीही ऐकतात. पुडी बांधायला ‘पोलीस’ मदत करतो. घरी येऊन ती उघडली की खडे.

ज्यांच्या बाबतीत हे घडलं अशा एका आजींना आम्ही विचारलं, शंका नाही आली? म्हणाल्या, “आली की. पण पोलिसाला नाही कसं म्हणायचं?”

भीड. हा दुसरा कोयंडा. आणि तो बसवलाय आपल्याच शाळेने, आपल्याच घराने. मोठ्यांना उलट बोलू नये, साहेबाला नाही म्हणू नये, चारचौघांत आवाज चढवू नये. तोतया पोलिसाला हे पाठ असतं. खरा पोलीस रस्त्यात कुणाला दागिने उतरवायला सांगत नाही. त्याच्या गणवेशावर नावाची पट्टी असते आणि ती वाचायला थांबलात तर तो पळत नाही. म्हणायचं एकच, आणि मोठ्यांदा म्हणायचं : “चला चौकीत, तिथे काढते.”

याच खेळाचा दुसरा प्रयोग स्टेशनबाहेर आणि देवळांपाशी होतो. ‘शेठला मुलगा झालाय, गरिबांना साड्या वाटतायत, गळ्यातलं काढून ठेवा, नाहीतर गरीब वाटणार नाही तुम्ही.’ इथे सापडतात त्या धुणीभांडी करून घर चालवणाऱ्या बायका. जातं ते बहुतेक वेळा घरातलं एकुलतं एक सोनं. त्यांना हसणारे लोक भेटले की मला त्या शेठपेक्षा त्यांचाच राग येतो.

मंगळसूत्र ओढून पळणाऱ्यांचं तंत्र सोपं आहे. मोटारसायकल मागून येते. म्हणून चालायचं ते समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हिसकावून चोरी हा वेगळा गुन्हा झालाय, कलम ३०४, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. तेव्हा ‘जाऊ दे, पोत खोटीच होती’ म्हणून घरी जाऊ नका. तुमची खोटी होती, पुढच्या बाईची खरी असेल.

(दृश्य : घोडबंदर रोड. उंच टॉवरचं फाटक.)

इथे कोयंडे नाहीत. बोटाच्या ठशावर उघडणारी दारं आहेत, मोबाइलवर परवानगी मागणारं ॲप आहे, सोळा कॅमेरे आहेत. आम्ही फाटकासमोर तासभर उभे राहिलो. पार्सल घेऊन आलेल्या मुलाला तीन प्रश्न. भाजीवालीला चार. मग एक पांढरी गाडी आली, काच खाली झाली नाही, आणि वॉचमनने सलाम करून दांडी वर केली.

कोण होते? “माहीत नाही साहेब. गेल्या वर्षी एका मेंबरला विचारलं होतं, तर ओरडले. मला ओळखत नाहीस?”

त्या एका ओरडण्याने फाटक कायमचं उघडं पडलं. सर्वसाधारण सभेत कॅमेऱ्यांच्या खर्चावर दोन तास भांडण होतं. वॉचमनने विचारलं तर सभासदाने नाव सांगायचं, एवढा ठराव कुणी मांडत नाही. कॅमेऱ्यांचं म्हणाल तर घड्याळ पाऊण तास मागे होतं, आणि चित्रण साठवणारा डबा वॉचमनच्या टेबलाखाली, पायाला लागेल असा. हुशार चोर जाताना तोही उचलून नेतो. तो कुलूपबंद खोलीत हवा. आणि निदान एक कॅमेरा चेहऱ्याच्या उंचीवर हवा, छतावरून फक्त टकलं दिसतात. नवा भाडेकरू आला की त्याची माहिती पोलीस ठाण्यात देण्याचं काम घरमालकाचं, पण दलालाच्या भरवशावर ते बऱ्याचदा राहून जातं.

(दृश्य : कळवा-मुंब्र्याकडे जाणारी लोकल. दारात उभी माणसं.)

लोकलच्या दारात उभं राहून फोन बघणाऱ्यांसाठी रुळांच्या कडेला एक शब्द आहे : फटका. गाडी सिग्नलला मंदावते, खाली किंवा खांबाशी उभा असलेला पोरगा हातावर काठी मारतो, फोन खाली पडतो, गाडी पुढे जाते. फोनपाठोपाठ तोल गेलेली, उडी मारलेली माणसं हातपाय आणि जीव गमावून बसलीत. फोन जाऊ द्या. पुढच्या स्टेशनवर उतरा आणि लोहमार्ग पोलिसांकडे जा. ‘ही आमची हद्द नाही’ हे उत्तर कायद्यात बसत नाही, शून्य क्रमांकाने गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवून पुढे पाठवता येतो, आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते. फोन सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर बंद करून टाका. त्यासाठी त्याचा आयएमईआय, म्हणजे फोनची ओळख सांगणारा क्रमांक लागतो, म्हणून आत्ताच स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा आणि येणारा आकडा कागदावर लिहून ठेवा. फोनमध्ये लिहून ठेवणारेही भेटले आम्हाला.

(दृश्य : नौपाडा. बंद खिडकी. टेबलावर मोबाइल.)

या घरात राहणाऱ्या निवृत्त शिक्षकांनी चेहरा दाखवायला नकार दिला. दोन दिवस ते व्हिडिओ कॉलसमोर बसून होते. समोर गणवेश, मागे अशोकस्तंभ, ‘तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, तुम्ही डिजिटल अटकेत आहात, बायकोलाही सांगायचं नाही.’ डिजिटल अटक नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही. सरांना नागरिकशास्त्र शिकवायला होतं. तरी ते बसले. तलावपाळीवरच्या आजींसारखेच, त्याच भिडेने.

पैसे गेल्यावर सर तीन दिवस गप्प राहिले. लाज. या तीन दिवसांत पैसे एका खात्यातून चार खात्यांत, चारातून चाळिसात गेले. कमिशनवर भाड्याने घेतलेली खाती असतात ही. सायबर फसवणुकीची तक्रार घेणाऱ्या १९३० या क्रमांकावर लगेच फोन केला तर त्या साखळीत पैसा असेल तिथे खातं गोठवता येतं. एटीएममधून निघाला की संपलं. सरांचे थोडे परत मिळाले, बरेचसे नाहीत. यूपीआयचं एक वाक्य त्यांनी आता घरातल्या फ्रिजवर चिकटवलंय, खडूच्या अक्षरात : ‘पैसे घ्यायला पिन लागत नाही.’ त्याखाली ११२ आणि १९३०.

(दृश्य : पुन्हा चरई. तोच जिना, पहिला मजला. बेल वाजते.)

काकांच्या बरोबर खालच्या घरात त्र्याऐंशी वर्षांच्या आजी एकट्या राहतात. आम्ही शूटिंग आवरत होतो तेव्हा एक माणूस आला. गॅसचं मीटर बघायचंय म्हणाला. आजींनी लाकडी दार उघडलं, जाळीचं नाही. ओळखपत्र जाळीला टेकवायला लावलं, चष्मा शोधला, नाव वाचलं. “थांब हं बाळा,” म्हणाल्या, आणि बिलावरचा नंबर बघून कंपनीला फोन लावला. तिकडे बराच वेळ नुसतं संगीत वाजत राहिलं. माणूस वैतागला. “आजी, अजून वीस घरं आहेत.” आजी म्हणाल्या, “असू देत.”

माणूस खरा निघाला.

त्या दहा मिनिटांत मधेच आजी आत जाऊन आल्या होत्या. जाळीच्या दाराला खाली एक छोटी खिडकी आहे, दुधाची पिशवी जाईल एवढी. त्यातून त्यांनी त्याला पाण्याचा पेला दिला, आणि वाटीत गुळाचा खडा.