पाचोळ्याखालची देवघेव

श्रोतेहो, नमस्कार.

वळवाची पहिली सर येऊन गेली की कोल्हापुरात माणसं दारात येऊन उभी राहतात. "मातीचा काय वास सुटलाय!" खरं तर तो वास मातीतल्या जिवांचा. स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जिवाणू जिओस्मिन हे द्रव्य तयार करतात. हवेच्या लाख कोटी भागांत त्याचे पाच-दहा भाग असले तरी आपल्या नाकाला ते कळतं. थेंब कोरड्या मातीवर आपटतो, मातीतली हवा बुडबुडे होऊन वर येते, ते फुटतात आणि बारीक तुषार वास घेऊन उडतात. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी 2015 साली हे वेगवान कॅमेऱ्यांनी टिपलं.

पण रानातली जमीन पाऊस नसतानाही हवेशी देवघेव करत असते. दाजीपूरच्या रानात सावलीला बसून पाचोळा हाताने बाजूला सारा. वरची पानं कुरकुरीत. त्याखालची काळपट, ओलसर, एकमेकांना चिकटलेली, मधून बुरशीचे पांढरे धागे. आणखी खाली पान कुठं संपलं नि माती कुठं सुरू झाली, सांगता येत नाही. कुजणाऱ्या पानांतल्या पेक्टिनपासून, म्हणजे पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणाऱ्या द्रव्यापासून, मिथेनॉल हे एक प्रकारचं अल्कोहोल सुटतं, टर्पिन नावाची सुगंधी द्रव्यं सुटतात, हवेत मिसळतात.

याची दुसरी बाजू मला फार मोलाची वाटते. जगभरातली झाडंझुडपं वर्षाला सुमारे 50 कोटी टन आयसोप्रीन हे पानांतून उडून जाणारं द्रव्य हवेत सोडतात. त्यातलं बरंचसं हवेतच मोडतं, पण थोडं जमिनीत शिरतं, आणि तिथले काही जिवाणू त्यावरच जगतात! मिथेनॉल खाणारेही आहेत. म्हणजे जमीन देते तशी घेतेही.

ही ये-जा मातीच्या छिद्रांतून चालते. आषाढात गगनबावड्याला पाऊस कोसळतो, छिद्रं पाण्यानं भरतात. पाण्यातून वायू हवेपेक्षा सुमारे दहा हजारपट सावकाश सरकतो, म्हणून ये-जा जवळजवळ थांबते. श्रावणात उघडीप मिळाली की पुन्हा सुरू.

आणि आपण काय करतो? उन्हाळ्यात डोंगराला वणवा लावतो. गेल्या चैत्रात अशाच एका जळलेल्या उतारावर मी मूठभर माती उचलून नाकाशी धरली. नुसती राख. दहा पावलांवर, आग न पोचलेल्या करवंदीच्या जाळीखाली पुन्हा मूठ भरली. ती गार होती, ओलसर होती, आणि तिला पावसाशिवायच वळवाचा वास होता.