झोहराला कुणी विचारलं का?

नमस्कार. आज दोन इजिप्शियन बायकांबद्दल बोलायचंय. दोघीही कादंबरीतल्या.

पहिली झोहरा. म्हाताऱ्याशी लग्न ठरवलं म्हणून गावाहून पळालेली. अलेक्झांड्रियात समुद्रालगतच्या एका जुन्या लॉजमध्ये ती कामाला लागते. नगीब महफूज यांची ‘मिरामार’, साल 1967. तिथं राहणारे चार पुरुष आळीपाळीनं तीच गोष्ट सांगतात, आणि चौघांच्याही गोष्टीत झोहरा आहे. कुणाला ती हवीये, कुणाला तिची काळजी वाटते. ती मात्र लिहावाचायला शिकतेय. पण झोहराच्या तोंडून एकही प्रकरण नाही.

महफूज यांनी तिला ताठ कण्याची रंगवलंय, हे खरंच. समीक्षक तर म्हणतात, झोहरा म्हणजे इजिप्त. मला हे खुपतं. मोलकरणीचा देश करून टाकला की तिचे दुखणारे हात कोण बघणार?

आता दुसरी, फिरदौस. लेखिका नवाल अल सादावी स्वतः मनोविकारतज्ज्ञ. 1974 मध्ये कैरोजवळच्या कनातिर तुरुंगात त्या फाशीची शिक्षा झालेल्या एका बाईला भेटल्या. दलालाचा खून केलेली वेश्या. आधी ती भेटायलाच तयार नव्हती. त्या भेटीतून आली ‘शून्य बिंदूवरची स्त्री’. यात डॉक्टर कोठडीच्या फरशीवर बसते, आणि फिरदौस बोलू लागते. डॉक्टर मध्ये एक शब्द बोलत नाही. मोलकरीण असो की वेश्या, तिनं स्वतः ‘मी’ म्हणायचं, ही केवढी मोठी गोष्ट आहे! पुढे 1981 मध्ये सरकारनं सादावींनाही याच तुरुंगात डांबलं.

फिरदौसचं लग्न साठी ओलांडलेल्या माणसाशी लावून दिलेलं. झोहरा पळाली ती पळालीच; ही लग्नाआधी घरातून निघाली, पण परत आली. हा नवरा कंजूष. जेवताना तिच्या ताटावर डोळा ठेवून असायचा, घास मोजायचा.

पुढे बऱ्याच ठोकरा खाल्ल्यावर तिच्या हातात स्वतःची अशी दहा पौंडांची नोट येते. ती हॉटेलात जाते, कोंबडी मागवते. कादंबरीतलं हे पान मी किती वेळा वाचलंय. तिला नोटेचं नवल वाटत नाही, कोंबडीच्या चवीचंही नाही.

नवल याचं, की वेटर तिच्या ताटाकडे बघत नाही.