मुंजीची घरगुती पत्रिका

[दृश्य: जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलेलं. कार्डपेपरची थप्पी, स्टीलची पट्टी, कटर.]

घरी पत्रिका करायची म्हटलं की सगळे आधी प्रिंटरची चौकशी करतात. पण पत्रिका साधते किंवा फसते ती घडीत.

पुण्यात कागदासाठी पावलं आपसूक अप्पा बळवंत चौकाकडे वळतात. हौस असेल तर शिवाजीनगरला हातकागद संस्थेत. १९४० पासून तिथे सुती चिंध्यांच्या लगद्यापासून कागद होतो. देखणा असतो, पण शाई पितो. इंकजेटवर बारीक अक्षरांच्या कडा पसरतात, अनुस्वाराचा डाग होतो. म्हणून हातकागद पाकिटाला, आणि मजकूर गुळगुळीत कार्डपेपरवर. साधारण २०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचा, बरा. त्याहून जाड कागद घरचे बरेच प्रिंटर ओढतच नाहीत.

[दृश्य: स्क्रीनवर मजकूर.]

मजकूर युनिकोडमध्येच टाइप करावा. जुन्या श्रीलिपी फाँटमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली, की ‘श्री गजानन प्रसन्न’च्या जागी भलतीच चिन्हं उमटतात. प्रिंटसाठी पीडीएफच करावी.

वेळ खातो तो मजकूर. कुलदैवताचं नाव वर, मग ‘आमचा नातू चि.’, बटूचं नाव, मुहूर्त, स्थळ. इथवर सगळे एकमताने. ‘आपले विनीत’खाली कोणाचं नाव आधी, इथे घराघरांत चहाच्या दोन फेऱ्या होतात. ‘कृपया आहेर आणू नये’ यावर तिसरी.

[दृश्य: हात जवळून. कागद दुमडतो.]

आता घडी. गिरणीत कागद तयार होताना त्यातले तंतू बहुतेक एकाच दिशेने बसतात. त्या दिशेने दुमडला तर घडी स्वच्छ पडते. आडवा दुमडला तर कड फुटते, पांढरे तंतू बाहेर येतात. ए-फोर कागदात तंतू सहसा लांबीच्या दिशेने असतात. म्हणून अख्खा ए-फोर मधोमध दुमडला की घडी तंतूंना आडवी जाते. तोच आधी कापून दोन ए-फाइव्ह करा, मग एकेक दुमडा: आता घडी तंतूंच्या दिशेने. एकाच फाइलमध्ये दोन पत्रिका शेजारी बसवायच्या त्या यासाठी. कागदही निम्मा लागतो, हे वर.

दुमडण्याआधी पट्टी धरून, शाई संपलेल्या बॉलपेनने घडीच्या जागी एकदाच दाबून रेघ ओढायची. लेझर प्रिंटर असेल तर घडीवर गडद रंग छापू नये, तिथे टोनरचे (त्याच्या कोरड्या शाईचे) टवके निघतात.

[दृश्य: टेबलाभोवती आजी, मावशी, मुलं.]

मग माणसं वाटून घेतात. एक कापणार, एक रेघ ओढणार, एक दुमडणार. हळद-कुंकवाची बोटं आजीची. ती सुकल्याशिवाय पाकिटात घालायचं नाही, नाहीतर आतल्या मजकुरावर पिवळे ठसे उठतात. पहिली पत्रिका गणपतीपुढे, दुसरी कुलदैवतापुढे.

पाकिटांवर नावं घालताना दहा-पंधरा पत्रिका कोऱ्या ठेवाव्यात. यादी पूर्ण झाली असं कोणी म्हणायचा अवकाश, स्वयंपाकघरातून आवाज येतोच: “अगं, कोपरगावच्या आत्यांचे व्याही राहिले!”