कर्ज मिटलं, पैसे भरले, तरी सिबिलवर ‘सूट फाइल्ड’ (म्हणजे कोर्टात दावा दाखल) का दिसतंय?

लोकअदालतीत बँकेशी तडजोड केली, ठरलेली रक्कम भरली, पावती कपाटात ठेवली. वर्षं गेली. आता घरासाठी कर्ज मागायला गेलात आणि समोरचा अधिकारी म्हणतो, “तुमच्यावर केस दिसतेय हो.” अशा वेळी माणूस रागारागात थेट सिबिलवर तक्रार ठोकतो. थांबा जरा. आधी रिपोर्ट वाचू.

सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क हे चार क्रेडिट ब्यूरो, म्हणजे आपल्या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्या. चारही वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट देतात. चारही काढा. एकीकडे दुरुस्त झालेलं दुसरीकडे तसंच राहिलेलं असू शकतं.

(स्क्रीनवर: रिपोर्टमधलं जुन्या कर्जाचं खातं)

हे बघा. समजा बँकेचं येणं १,८०,००० रुपये होतं आणि १,१०,००० वर मिटलं. स्टेटसला ‘सेटल्ड’ लिहिलंय. कडू आहे, पण खरं आहे. बँकेनं ७०,००० सोडले, ते रिपोर्टमध्ये येणारच. यावर तक्रार केलीत तर सिबिल बँकेला विचारणार, बँक म्हणणार ‘नोंद बरोबर आहे’, विषय संपला.

आता खाली या. ‘अमाउंट ओव्हरड्यू’पुढे, म्हणजे थकबाकीपुढे, अजून ७०,००० दिसतायत? दावा निकाली निघूनही ‘सूट फाइल्ड’ तसंच चिकटलंय? भांडायचं ते इथे.

त्यासाठी लोकअदालतीच्या निवाड्याची सही-शिक्क्याची नक्कल, पैसे गेल्याचं बँक स्टेटमेंट आणि बँकेचा बेबाकी दाखला (काही येणं बाकी नाही असं पत्र) जवळ हवा. आणि एक गोष्ट बरेच जण विसरतात. लोकअदालतीचा निवाडा म्हणजे कायद्यानं दिवाणी कोर्टाचा हुकूमनामाच. त्याच्या अंमलबजावणीसाठी बँकेला १२ वर्षांपर्यंत दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, लावता येते. पैसे कोर्टाबाहेर भरले आणि कोर्टात त्याची नोंदच नसेल, तर दरखास्त चालवणारं कोर्ट ते पैसे जमेला धरत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेत, ऑर्डर २१ नियम २ मध्ये, हे स्पष्ट आहे. नोंदीसाठी तुम्ही स्वतः अर्ज करायची मुदत पैसे भरल्यापासून फक्त ३० दिवस. जुन्या प्रकरणात ती कधीच उलटलेली असते. म्हणून बँकेच्या मागे लागा आणि तिच्याच वकिलाकडून कोर्टात पूर्ततेची पुरसिस (पैसे मिळाल्याचं लेखी निवेदन) द्यायला लावा. सिबिलपेक्षा मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं.

मग ब्यूरोच्या वेबसाइटवर डिस्प्यूट (तक्रार) टाका आणि बँकेलाही लेखी द्या, पोच घ्या. सगळं मिळून ३० दिवसांत निकाल लागायला हवा; त्यातले २१ बँकेचे. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तरीही दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर तक्रार करता येते. फी नाही.

आणि ‘सेटल्ड’ हा शब्दच घालवायचा असेल तर? सोडलेले पैसे भरायचे. पण भरण्याआधी बँकेकडून लेखी घ्या, की खातं ‘क्लोज्ड’ म्हणून कळवू. तोंडी आश्वासनावर एक रुपया देऊ नका. घराचं कर्ज अगदी तोंडावर असेल तर याचा विचार करा, नाहीतर माझ्या मते घाई नको. मात्र सात वर्षांनी नोंद आपोआप पुसली जाते, या भरवशावरही बसू नका. सात वर्षं ही नोंद ठेवायची किमान मुदत आहे, कमाल नाही.

‘१५ दिवसांत सेटल्ड डिलीट’ अशा जाहिराती करणारे एजंट तर लांबच ठेवा. बँकेनं होकार दिल्याशिवाय ब्यूरो नोंद बदलत नाही, मग हे कुठून बदलणार?

शंका असतील तर खाली विचारा. फक्त रिपोर्टचा फोटो टाकू नका. त्यावर पॅन, जन्मतारीख, पत्ता सगळं छापलेलं असतं.