कुलाबा किल्ल्याला जाताय? आधी तिथी बघा!

नमस्कार मंडळी! ठाण्याहून एका दिवसात कुठे जाऊन येता येईल, हा प्रश्न दर आठवड्याला येतोच. झटपट सांगते. देऊळ बघायचं तर अंबरनाथ, लोकलने. शिलाहारांच्या काळातलं, १०६० सालचं शिवमंदिर. किल्ला हवा तर वसई, चिमाजी अप्पांनी १७३९ साली जिंकलेला. घारापुरीला सोमवारी जाऊ नका, लेणी बंद असतात. पाणी, टोपी, सुटे पैसे तुम्ही घ्यालच.

आता मुद्द्याचं. अलिबागचा कुलाबा किल्ला. निघताना आपण पेट्रोल बघतो, वडखळ नाक्याची गर्दी बघतो, आणि ज्यावर सगळं ठरतं ती भरती-ओहोटी बघतच नाही. हा किल्ला समुद्रात आहे. पायी जायचं तर ओहोटीच लागते.

काही वर्षांपूर्वी आईला घेऊन गेले होते. आत गणपतीचं पंचायतन आहे, राघोजी आंग्र्यांच्या काळातलं. आईने आदल्या रात्री दुर्वा निवडून, जुड्या बांधून ओल्या फडक्यात ठेवल्या होत्या. रविवार होता, पौर्णिमा होती. अकराच्या सुमारास पोचलो, तर समोर नुसतं पाणी! आई कठड्यावर बसून दर दहा मिनिटांनी फडकं उघडून बघायची. तीनपर्यंत थांबलो. दुर्वांची टोकं पिवळी पडली, पाणी काही पुरेसं उतरलं नाही. तो दिवस मला अजून टोचतो, कारण उत्तर घरच्या कॅलेंडरवरच लिहिलेलं होतं.

किनाऱ्यावरच्या एका कोळी मावशींनी त्या दिवशी हिशोब शिकवला. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं. आली भरतीची वेळ. पौर्णिमा म्हणजे पंधरा. पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा. म्हणजे आम्ही बरोब्बर भरतीला पोचलो होतो! भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. थोडं मागेपुढे होतं, म्हणून नक्की वेळ भरतीच्या तक्त्यात बघाच. पण दिवस निवडायला हा हिशोब पुरतो.

मग काहीजण लिहितात, "ताई, अष्टमीला दुपारी बाराला ओहोटी येते, तेव्हाच जाऊ ना!" हिशोब बरोबर आहे, पण अष्टमीला भांग असतो. भांगाला पाणी फार चढत नाही आणि फार ओसरतही नाही. पूर्ण ओहोटीलाही वाटेत पाणी राहू शकतं. त्यापेक्षा तृतीया-चतुर्थी बघा. उधाणाचा जोर असतो, पाणी लांबवर जातं, आणि ओहोटी येते सकाळी साडेआठ-नऊला. संकष्टी लक्षात ठेवायला सोपी!

"घोडागाडी असते की," हीसुद्धा नेहमीची कमेंट. असते, पण घोडाही ओहोटीतच चालतो. भरतीला होडी मिळते, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला होडीत चढउतार जमेल का, हे आधी विचारा.

आणि कृपा करून ओहोटीच्या वेळेला "पोचायची वेळ" समजू नका. नऊची ओहोटी असेल तर आठला वाळूत पाय हवा. ठाण्यातून पाचला निघा. पाणी वळल्यावर पहिला तास काही कळत नाही, म्हणून माणसं किल्ल्याच्या तटावर फोटो काढत बसतात. तिसऱ्या-चौथ्या तासात मात्र निम्मं पाणी चढतं. लहान मुलं बरोबर असताना तो धोका घ्यायचा नाही. नऊची ओहोटी, तर दहाला परत फिरायचं. पायात मागे पट्टा असलेली चप्पल घाला, खडकावरची कालवं, म्हणजे धारदार शिंपल्या, तळवा कापतात.

आत शिवरायांनी १६८० साली बांधायला घेतलेला तट, खाऱ्या पाण्यात गोड पाण्याची विहीर, उत्तरेकडे चाकांच्या गाड्यांवरच्या दोन तोफा. तासाभरात नीट बघून होतं.

पुढच्याच महिन्यात, संकष्टीला, आईला पुन्हा घेऊन गेले. वाळूवर लाटांच्या बारीक वळ्या उमटल्या होत्या, त्यांवरून माझा हात धरून ती चालली. पाणी घोट्याच्या वर आलं नाही. दुर्वा हिरव्यागार होत्या. वाहून झाल्यावर तिनेच घड्याळ बघितलं, म्हणाली, "चल, साडेनऊ झाले. पाणी वळलं असेल."