तारा नसलेले खांब

नमस्कार श्रोतेहो.

आज एका बागेत जायचंय. बाग म्हटल्यावर फुलांचे ताटवे, कारंजी असं काही डोळ्यांपुढे आणू नका. समुद्राला लागून मोकळं गवत, खडक, चालायला वाट, आणि मधेच उभे असलेले उंच लोखंडी खांब. त्यांना ना तारा, ना दिवे. नवखा माणूस थांबून विचारतो, हे कशाचे?

ही जागा अमेरिकेतली. ऱ्होड आयलंड हे तिथलं सर्वांत छोटं राज्य. त्यातल्या वॉरिक शहरात, नॅरागॅन्सेट उपसागराच्या काठी रॉकी पॉइंट आहे. नावाप्रमाणेच खडकाळ टोक. १८४० च्या दशकात विल्यम विन्स्लो नावाच्या आगबोटीच्या कप्तानाची नजर या टोकावर गेली. प्रॉव्हिडन्स शहरातली माणसं बोटीत भरायची, दिवसभर इथे सोडायची आणि संध्याकाळी परत न्यायची. माणसं आली की त्यांना भूक लागणार, हे त्या धंद्याचं साधं गणित.

त्या जेवणाबद्दल थोडं सांगायलाच हवं. दगड लाकडांच्या जाळावर लाल होईपर्यंत तापवायचे. निखारे बाजूला सारायचे आणि दगडांवर ओलं समुद्रशेवाळ पसरायचं. त्या शेवाळाला छोटे छोटे फुगे असतात, ते गरम दगडावर तडतडतात आणि खारट वाफ सुटते. त्यावर क्लॅम, म्हणजे आपल्या तिसऱ्यांचेच भाऊबंद, शिवाय मासे, मक्याची कणसं. वरून जाड कापड झाकायचं आणि वाट बघायची. ही वाफ आधी त्या किनाऱ्यावरच्या मूळ रहिवाशांची, गोऱ्यांनी ती त्यांच्याकडून उचलली. पुढे रॉकी पॉइंटला प्रचंड भोजनगृह उभं राहिलं. क्लॅम घातलेली भजी आणि चाउडर नावाचं सूप खायला हजारोंनी माणसं यायची.

१८७७ च्या जूनमध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष रदरफोर्ड हेस इथे आले. टेलिफोनचं पेटंट मिळून तेव्हा जेमतेम सव्वा वर्ष झालेलं. तार प्रॉव्हिडन्सपर्यंत जोडलेली आणि पलीकडे साक्षात ग्रॅहम बेल. हेस यांनी यंत्र कानाला लावलं आणि बेलना म्हणे जरा सावकाश बोलायला सांगितलं. आज आपणही फोनवर पहिलं तेच तर म्हणतो. मला ही हकीकत भारी आवडते. एवढं मोठं यंत्र पहिल्यांदा हाती आलं ते सहलीच्या जागी, जेवणाच्या वासात.

पुढे पाळणे आले, झुले आले, खाऱ्या पाण्याचा मोठा पोहण्याचा तलाव आला, नाचाचा हॉल आला. आणि वादळंही आली. २१ सप्टेंबर १९३८ च्या चक्रीवादळाने सगळं मोडून टाकलं. त्यातून सावरायला दहाएक वर्षं गेली. मग १९५४ च्या ऑगस्टअखेर कॅरोल नावाचं वादळ आलं आणि पुन्हा पडझड झाली. पुन्हा उभारलं. समुद्राच्या कुशीत दुकान मांडलं की तो अधूनमधून भाडं वसूल करणारच, अशा हिशोबाने ती माणसं कामाला लागली असावीत.

रॉकी पॉइंट बंद पाडलं ते शेवटी कर्जाने. १९९५ चा हंगाम पाळण्यांचा शेवटचा ठरला. दिवाळखोरी, मग लिलाव. १९८४ मध्ये बसवलेला कॉर्कस्क्रू, म्हणजे बुचाच्या स्क्रूसारखा पीळ घेत माणसाला उलटा करणारा रुळांवरचा पाळणा, सुटा करून थेट देशाच्या दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टन राज्यात गेला. तिथे नवं नाव घेऊन तो पुन्हा फिरू लागला. इकडे राहिल्या त्या रिकाम्या इमारती. काचा फुटल्या, झुडपं वाढली.

समुद्राकाठची इतकी मोठी जागा मोकळी पडली की बंगले बांधणाऱ्यांची नजर जाणारच. पण वॉरिक शहराने किनाऱ्याची ४१ एकरांची पट्टी मिळवली. उरलेल्या जमिनीचा प्रश्न २०१० मध्ये राज्याच्या मतदारांपुढे गेला. ती घेण्यासाठी सरकारने १ कोटी डॉलर कर्जरोख्यांतून उभारावेत का? लोक हो म्हणाले. कर्ज म्हणजे फेड आपल्याच करातून, हे माहीत असूनही. मला वाटतं, त्यातल्या कित्येकांनी मत देताना जमिनीच्या भावापेक्षा लहानपणी भज्यांनी तेलकट झालेली बोटंच आठवली असतील. २०१३ मध्ये राज्याने सुमारे ८२ एकर विकत घेतले आणि २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये राज्य उद्यान लोकांसाठी खुलं झालं. आत जायला तिकीट नाही.

मोडकळीला आलेल्या इमारती पाडल्या. सगळंच सपाट करता आलं असतं, पण कुणीतरी शहाणपण केलं आणि दोन-चार खुणा ठेवल्या. एक तीन पायांची कमान आहे, ती १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनातून इथे आणलेली. आणि ते सुरुवातीला सांगितलेले खांब. ते स्कायलायनरचे. खांबांवरून तार जायची, तारेला खुर्च्या टांगलेल्या असायच्या आणि माणसं पाय लोंबकळत ठेवून गर्दीच्या डोक्यावरून जायची. आता खाली कुणी कुत्रा फिरवतं, कुणी खडकावर बसून गळ टाकतं. एखादे आजोबा नातवाला वर बोट दाखवून सांगतात, मी तिथून गेलोय. नातू वर बघतो. वर तार नाही, नुसतं आभाळ. त्याचा विश्वास काही बसत नाही.

नमस्कार.