काजूचा चीक आणि पेन्शनचा अंगठा

नमस्कार श्रोतेहो. वयाची 65 वर्षं पूर्ण झाली असतील, तर श्रावणबाळ या सरकारी पेन्शन योजनेचे महिन्याला 1,500 रुपये आहेत. काजूच्या फॅक्टरीत जाते, मग पेन्शन बंद होईल का, असं बायका विचारतात. काम करता का, हे ही योजना विचारत नाही, उत्पन्न विचारते. पुन्हा सांगते, काम नाही, उत्पन्न. सगळ्या कुटुंबाचं, वर्षाला 21,000 च्या आत, नाहीतर दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव. रोज 300 रुपये धरले तर 70 दिवसांत मर्यादा संपली. हा आकडा वर्षानुवर्षं तसाच बसलाय, तो हलायला हवा.

आणि लाडकी बहीण योजना 65 ला थांबते. श्रावणबाळ आपोआप सुरू होत नाही. वेगळा अर्ज. तिथे अडीच लाखांपर्यंत चालतं, इथे 21,000.

आता राजापूरकडच्या एका आजींची गोष्ट ऐका. वाडीत बँकमित्र, म्हणजे मशीन घेऊन दारात पैसे देणारा बँकेचा माणूस, आला, आजींनी मशीनवर अंगठा ठेवला. जुळेना. पुसून ठेवला, दाबून ठेवला. जुळेना. "माझी पेन्शन खाल्ली मेल्यांनी!" म्हणत आजी घरी. सुनेनं पासबुक भरून आणलं, तर पैसे खात्यात जसेच्या तसे! अडलं होतं बोटांवर. अख्खा हंगाम काजूबिया फोडायच्या. टरफलातलं तेल कातडी जाळतं, रेघा पुसट होतात. आजी अंगठा नि तर्जनीच्या चिमटीत बी धरायच्या, म्हणून त्याच दोन बोटांच्या रेघा गेलेल्या. बँकमित्र मात्र उजव्या अंगठ्यालाच चिकटून! अहो, दहापैकी कुठलंही बोट चालतं. कुठलंही! पुढच्या खेपेला आजींनी हात साबणानं धुतले, बँकमित्रानं मशीनची काच पुसली, आणि डाव्या हाताची करंगळी लागली. करंगळीला चीक कमी लागतो ना. तीही लागली नाही, तर पासबुक घेऊन शाखेत जा, पैसे काढायच्या स्लिपवर अंगठा उठवा; तिथे मशीन लागत नाही. नंतर आधार केंद्रावर बोटांचे ठसे नव्यानं द्या. फोडणाऱ्या बायका हाताला राख नाहीतर तेल लावतात, पण मोजे फॅक्टरीवाल्यानं द्यावेत, असं माझं ठाम मत.

वेळ होत आला, भरभर सांगते. अर्ज तहसील कार्यालयात, संजय गांधी योजना शाखेत. आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, 15 वर्षं महाराष्ट्रात राहिल्याचा दाखला, वयाचा पुरावा. शाळेचा दाखला नसेल तर सरकारी रुग्णालयाचा वयाचा दाखला. मुंबईला वेगळा संसार असलेल्या मुलाचं नाव गावच्या रेशनकार्डावर राहिलं असेल, तर त्याचा पगारही मोजला जाऊ शकतो. नाव आधी कमी करून घ्या. खात्याला आधार नुसतं जोडून भागत नाही, ते डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यायला, जोडलंय का, हे बँकेत विचारा. दुसरं खातं उघडून तिथे जोडणी झाली, तर पैसे त्या नव्या खात्यात जातात. हयातीचा दाखला दरवर्षी. आणि कागद दिला की शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.